पुन्हा त्याच फडात

प्रकाशा गावाच्या शिवारात, तापी आणि गोमाईच्या काठच्या काळ्या जमिनीत, ऊस डोक्याच्या वर दोन हात जातो. रात्रीची लाइट असली की मोटर चालू करून पाणी भरायला त्या फडात शिरावं लागतं. पाचट मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे काढतं, पाय चिखलात रुततात आणि बॅटरीचा उजेड चौथ्या सरीपलीकडे पोचत नाही. वारा पडलेला असताना एखादी सरी सळसळली की माणूस फावड्याचा दांडा घट्ट धरून जागीच थबकतो. रानडुक्कर असेल, बिबट्याही असेल. तो घरी सुखरूप येतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच जातो, कारण पाणी अर्ध्या शेतालाच मिळालेलं असतं.

भयपटाचा दुसरा भाग पाहताना मी हेच शोधत असतो. वाचलेला माणूस परत का गेला? त्याचं कोणतं पाणी अर्धवट राहिलं होतं?

नील मार्शलचा ‘द डिसेंट’ २००५मध्ये आला. सहा मैत्रिणी गुहेत उतरतात, दगड कोसळून वाट बंद होते आणि अंधारात आणखी कुणीतरी असल्याचं कळतं. मूळ शेवटात त्यांच्यातली सारा गुहेतच राहते. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत मात्र ती बाहेर पडते, आणि २००९चा दुसरा भाग त्याच धाग्यावरून पुढे गेला. पहिल्या चित्रपटाचा संकलक जॉन हॅरिस इथे दिग्दर्शक झाला. स्मृती हरवलेल्या साराला शेरीफ शोधपथकासोबत पुन्हा खाली नेतो. माझा आक्षेप इथेच आहे. ती स्वतःहून जात नाही, तिला नेलं जातं. त्यामुळे गुहा पूर्वीसारखी चावत नाही, ते प्राणीही ओळखीचे वाटू लागतात. पहिल्या भागात जखमी करून मागे सोडलेली मैत्रीण जूनो साराच्या समोर येते, तेवढ्यापुरता चित्रपट जिवंत होतो. त्या दोघींमधला हिशेब खरोखरच बाकी होता.

आपल्याकडे या प्रकाराची सर्वात जवळची गोष्ट मराठीतच सुरू झाली आणि हिंदीत जाऊन जमिनीखाली पोचली. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ २०१७चा. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या फडांमधल्या एका घरात लपायला येते. उषा नाईक यांची तुळसाबाई तिला मायेनं जेवू घालते, आणि हळूहळू उलगडतं की भीती भुताची नाही, वाढणाऱ्या हाताची बाळगायला हवी होती. मुलगी नको म्हणणाऱ्या घरांवरचा हा चित्रपट आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१मध्ये ९१३ मुली होत्या, २०११च्या जनगणनेत ८९४ उरल्या. हे आकडे आपण वाचले होते, पण ते अंगावर आले त्या फडात, जिथे प्रत्येक सरी दुसरीसारखी दिसते आणि पळणाऱ्या बाईला दिशाच सापडत नाही.

फुरियानंच त्याची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ २०२१मध्ये केली आणि २०२५मध्ये ‘छोरी २’ आणला. नायिका साक्षीची मुलगी पळवली जाते, तिला ऊन सोसत नाही, आणि आई तिच्यासाठी पुन्हा त्या जगात, या वेळी जमिनीखालच्या भुयारांत उतरते. परत जायला याहून सच्चं कारण मिळणार नाही. तरीही मला तो पहिल्याच्या जवळपास पोचलेला वाटला नाही. भुयार कलादिग्दर्शकाला बांधता येतं, ऊस शेतकऱ्यानं वाढवलेला असतो. उसाच्या शेतात रोजचं आणि भयाचं अंतर एका सरीचं होतं, भुयारात ते अंतरच राहिलं नाही. तिथे सुरुवातीपासून सगळं भयाण आहे, मग घाबरायला उरतं काय?

‘झपाटलेला’चा (१९९३) दुसरा भाग २०१३मध्ये थ्रीडीत आला, त्यात खलनायक तात्या विंचू परतला, जागा परतली नाही. ‘रात्रीस खेळ चाले’नं मात्र धाडस केलं. २०१९च्या दुसऱ्या पर्वात मालिका पुढे न जाता मागे गेली आणि तोच वाडा अण्णा नाईक जिवंत असतानाचा दाखवला. पुढे काय होणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्या ओटीवर वेगळ्याच धाकानं बसला.

परतण्याचा खरा अभ्यास राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) आहे. भाषा हिंदी, पण नारायण धारपांच्या भयकथेचं बीज आणि माती कोकणची. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत तो घडतो, आणि लहानपणी सोडलेल्या तुंबाडला नायक विनायक पुन्हा पुन्हा येत राहतो. दोर सोडायचा, खाली पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली टाकायची, शापित हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा झटकायच्या आणि दोर पकडायचा. पहिल्यांदा श्वास रोखणारं हे काम पुढे रोजगार होतं, अंगावर चरबी चढते, हालचालींत सराव दिसतो. मग तो पोराला शिकवायला घेतो. चित्रपटातला सर्वात थंड क्षण माझ्या मते तोच आहे.

कोकणाला असे सिनेमे मिळाले, ‘मुंज्या’ही तिथलाच. तापीखोऱ्यात कॅमेरा अजून नीट आलेला नाही. आला तर एक विनंती आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ‘डाकीण’ हा शब्द नुसत्या करमणुकीचा नाही. तो चिकटला की जिवंत बाईचं घर जातं, जमीन जाते, कधी जीवही जातो. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाविरुद्धही आहे. अशा बाईलाच पडद्यावर भूत करणारा चित्रपट मला नको. तिच्या दारात जमलेली माणसं दाखवा, ‘लपाछपी’नं वाढणारा हात दाखवला तशी.

‘तुंबाड’ २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, थिएटरं भरली आणि दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मी त्याची वाट पाहतोय, थोडी धास्तीही आहे. कारण पहिल्या भागाच्या शेवटी शापानं विद्रूप झालेला बाप मोहरांनी भरलेला लंगोट पुढे करतो, आणि मुलगा पांडुरंग तो घेत नाही. बापाला आग लावून तो रिकाम्या हातानं चालू लागतो. मोह नाकारून गेलेल्या त्या पोराला लेखक परत कशासाठी उतरवणार?