भिंतीवरचे वचन, वहीतली नोंद

गेल्या पावसाळ्यात धर्मगुरुनिवासाच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा हिशेबाच्या जुन्या वह्यांखाली नाताळगीतांच्या कार्यक्रमांची काही भित्तिपत्रके निघाली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. अक्षरे मात्र शाबूत होती. त्यांतील एकावर ‘रविवार, दि. १८ डिसेंबर’ एवढेच होते. वर्ष नव्हते. ज्याने ते छापले त्याला वर्षाची गरजच वाटली नसावी, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. १८ डिसेंबर हा दिवस १९८८, १९९४, २००५, २०११, २०१६ आणि २०२२ या साली रविवारी आला. पत्रकाच्या तळाशी संपर्कासाठी भ्रमणध्वनीचा क्रमांक होता, आणि ती सेवा आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली. तेव्हा पहिली दोन साले बाद. पुढे कागदाने साथ दिली नाही. मी पाठीवर पेन्सिलीने ‘२००५ किंवा नंतर’ असे लिहिले आणि पत्रक पुन्हा पेटीत ठेवले.

एवढ्याशा कामात माझी दुपार गेली. पण त्या दुपारी एक जुना प्रश्न नव्याने जागा झाला. सेमिनरीत असताना ज्या संगीतकाराची सिंफनी आम्ही ध्वनिमुद्रिकेवर पुनःपुन्हा ऐकत असू, त्या बेथोव्हेनच्या मैफलींच्या जाहिरातींचा मजकूर अभ्यासकांनी जपून ठेवला आहे. तो मी अनेकदा वाचला होता. मात्र ‘हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही’ या दृष्टीने कधी वाचला नव्हता. जुन्या भित्तिपत्रकांची सूची करणे हे कारकुनी काम आहे असा आपला समज असतो. मला ते समीक्षेचे काम वाटते, कारण भित्तिपत्रक ही नोंद नसते. ते वचन असते. मैफलीच्या आधी छापलेला कागद मैफलीत काय घडले ते सांगू शकत नाही. घडवण्याचा इरादा काय होता आणि लोकांना काय सांगणे सोयीचे होते, एवढेच तो सांगतो.

पहिलेच उदाहरण पाहा. २६ मार्च १७७८ रोजी कोलोन शहरात एक मैफल झाली. जाहिरात देणारा होता बॉनच्या राजदरबारातील गायक योहान बेथोव्हेन. आपली एक शिष्या आणि आपला सहा वर्षांचा चिमुकला मुलगा लोकांसमोर येणार, असे त्याने जाहीर केले. वेळ संध्याकाळी पाचची, प्रवेशमूल्य एक गुल्डन. हा मुलगा म्हणजेच लुडविग, आणि लोकांसमोर वाजवण्याचा त्याचा हा पहिला ज्ञात प्रसंग. मात्र बॉनच्या संत रेमिगियस चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीत त्याची नोंद १७ डिसेंबर १७७० या दिवसाची आहे. म्हणजे मैफलीच्या दिवशी त्याला सात वर्षे पुरी होऊन तीन महिने लोटले होते.

पित्याने मुद्दाम खोटे सांगितले असे मी ठामपणे म्हणणार नाही. त्या काळी वयाचा हिशेब सैल असे. तरी मोझार्टची भावंडे १७६४ साली लंडनला आली तेव्हा तेथील जाहिरातीतही आठ वर्षांच्या वोल्फगांगला सात वर्षांचा केलेले आढळते, हे विसरता येत नाही. लहान वय हा मैफलीचा विकाऊ माल होता. पुढची कथा अधिक बोलकी आहे. बेथोव्हेन स्वतः आयुष्यभर आपले वय कमी समजत राहिला. विवाहाच्या विचाराने १८१० साली त्याने बॉनहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला, आणि दाखला आला तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आपल्या आधी याच नावाचा एक भाऊ होऊन गेला, हा दाखला त्याचाच असणार, असे त्याला वाटले. तो भाऊ खरोखर होऊन गेला होता. १७६९ च्या एप्रिलमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि आठवड्याच्या आतच तो वारला. वही दोघांचीही नोंद वेगवेगळी आणि बरोबर ठेवून होती. बाप्तिस्म्याच्या नोंदी लिहिण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या पाद्रीबाबांच्या कोरड्या ओळीपुढे मला छापील जाहिरातीचा रुबाब फिका वाटतो, हे कबूल करतो.

दुसरे पत्रक व्हिएन्नाचे, बुधवार दि. २ एप्रिल १८०० चे. दरबारी नाट्यगृहात बेथोव्हेनने स्वतःच्या लाभासाठी दिलेली ही पहिली मोठी मैफल. पत्रकावर वर्ष आहे. पण तो कोपरा फाटलेला असता तर? तेव्हा मजकूरच साल सांगू लागतो. आरंभी ‘दिवंगत’ मोझार्टची सिंफनी आहे; म्हणजे १७९१ नंतर. हायडनच्या ‘क्रिएशन’ या उत्पत्तिकथेवरील संगीतरचनेतील गीते आहेत; ती रचना प्रथम १७९८ साली सादर झाली. हायडनने सम्राटासाठी रचलेल्या गीतावर, म्हणजे १७९७ च्या गीतावर, बेथोव्हेन आयत्या वेळी पियानोवर विस्तार करणार आहे. शेवटी एक ‘नवी’ सिंफनी आहे. आता वार पाहा. कोणतीही तारीख त्याच वारी सामान्यतः पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते. २ एप्रिलला बुधवार १७९४, १८०० आणि १८०६ या साली होता. १७९४ ‘क्रिएशन’मुळे बाद झाले. उरली दोन साले.

येथे धर्मगुरूला एक मोह पडतो. १८०६ साली ईस्टर ६ एप्रिलला होते. तेव्हा २ एप्रिल हा पवित्र आठवड्यातला बुधवार ठरतो. १८०० साली ईस्टर १३ एप्रिलला असल्यामुळे तोच बुधवार झावळ्यांच्या रविवारच्या आधी पडतो. पवित्र आठवड्यात नाट्यगृहात मैफल कशी होईल, असे म्हणून १८०६ वर काट मारावीशी वाटते. पण हा युक्तिवाद लंगडा आहे. व्हिएन्नात उपवासकाळ आणि आगमनकाळ हाच मैफलींचा हंगाम होता, कारण त्या दिवसांत नाटकांवर बंधने असत आणि रंगमंच मोकळा मिळे. वादकांच्या विधवा व अनाथांसाठी १७७१ साली स्थापन झालेली संस्था तर आपल्या मैफली पवित्र आठवड्याच्या सुमारासच भरवीत असे. आपल्या आजच्या चालीरीतीने जुन्या कागदाला तारीख देण्याची घाई किती घातक ठरते, ते यावरून दिसते. १८०६ बाद होते ते दुसऱ्याच कारणाने. तोवर बेथोव्हेनच्या तीन सिंफनी लोकांनी ऐकल्या होत्या, पहिली तर १८०१ सालीच छापून निघाली होती, आणि चौथी अजून तयार व्हायची होती. मग ‘नवी’ कोणती? शिवाय लाइपझिगच्या संगीतपत्रात या मैफलीचा वृत्तांत १८०० सालीच आला. कागदाबाहेरचा पुरावा मिळाला, की कागदातला पुरावा पक्का होतो.

कागदाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण अशा प्रसिद्ध पत्रकांच्या नकला पुढे पुष्कळ निघाल्या. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे आणि खिळ्यांचा दाब त्यात उमटे. लाकडाच्या लगद्याचा, पिवळा पडून तुटणारा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ते छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण समजावे.

या पत्रकातला मला सर्वांत आवडणारा तपशील शेवटचा आहे. तिकिटे स्वतः बेथोव्हेनकडे, टीफर ग्राबेन येथील घर क्रमांक २४१ मध्ये, तिसऱ्या मजल्यावर मिळतील, असे त्यात छापले आहे. एकोणतीस वर्षांचा हा तरुण पत्रकात मोझार्ट आणि हायडन यांना आधी बसवतो, स्वतःची सिंफनी सर्वांत शेवटी ठेवतो, आणि तिकिटे आपल्या जिन्यावर विकतो. इतिहासग्रंथांतला गर्विष्ठ बेथोव्हेन या कागदात मला सापडत नाही.

१८०८ च्या मैफलीबद्दल थोडक्यात सांगतो. २२ डिसेंबरची ती रात्र होती. थंडगार नाट्यगृहात सुमारे चार तास संगीत चालले. जाहिरातीत ग्रामीण जीवनावरच्या सिंफनीला पाचवा क्रमांक आहे आणि सी मायनरमधील सिंफनीला सहावा. आज आपण नेमके उलट म्हणतो. सूचीकाराने जाहिरातीतला ‘पाच’ हा आकडा पाहून आपली प्रसिद्ध पाचवी सिंफनी नोंदवली, तर नोंद शुद्ध दिसेल आणि चूक असेल. त्याच जाहिरातीत ‘चर्चच्या शैलीतील, लॅटिन शब्दांचे स्तोत्र’ असाही उल्लेख आहे. ते त्याच्या सी मेजर मिस्सातील ग्लोरिया होते. मिस्सा हा शब्द मात्र कटाक्षाने टाळलेला आहे.

ही टाळाटाळ पूर्ण रूपात दिसते ती १८२४ च्या पत्रकात. ७ मे रोजी केर्न्टनर नाट्यगृहात झालेली ही मैफल संगीताच्या इतिहासात नवव्या सिंफनीचा जन्मदिवस म्हणून ओळखली जाते. पत्रकात ‘नववी’ हा शब्द नाही; ‘शेवटच्या भागात शिलरच्या आनंदगीतावर एकल व समूहस्वर असलेली एक भव्य सिंफनी’ असा तिचा उल्लेख आहे. तारखेमागे ‘उद्या’ असे म्हटले आहे. म्हणजे कागद सहा तारखेचा आणि मैफल सातची. सूचीत या दोन तारखा वेगळ्या लिहायला हव्यात. आणि मध्येच एक निरुपद्रवी ओळ येते: ‘तीन भव्य स्तोत्रे, एकल व समूहस्वरांसह’.

ही तीन स्तोत्रे म्हणजे मिस्सा सोलेम्निसमधील किरिये, क्रेडो आणि आन्युस देई. ऑलम्यूत्सचे आर्चबिशप होणाऱ्या आर्चड्यूक रुडोल्फ यांच्या १८२० मधील पदग्रहणासाठी बेथोव्हेनने हा मिस्सा लिहायला घेतला, आणि तो पुरा होऊन त्यांच्या हाती पडायला १८२३ चा मार्च उजाडला. नाट्यगृहात मिस्सा गाण्यास व्हिएन्नाच्या अभ्यवेक्षण खात्याची हरकत होती. पोलीसप्रमुख सेडल्निट्स्की यांच्यापर्यंत शब्द टाकावा लागला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. विश्वासांगीकार रंगमंचावर गायिला गेला तो ‘स्तोत्र’ हे टोपणनाव घेऊन.

आता सूचीकाराने काय करावे? प्रश्न क्षुल्लक नाही. त्याने ‘तीन स्तोत्रे’ एवढेच लिहिले, तर मिस्सा सोलेम्निस शोधणाऱ्याला हे पत्रक कधीही सापडणार नाही. त्याने शहाणपणाने ‘मिस्सा सोलेम्निस, तीन भाग’ असे दुरुस्त केले, तर एका राजसत्तेने धर्माचे नाव रंगमंचावरून कसे पुसले, याचा एकमेव छापील साक्षीदार आपण गप्प केला असे होईल. माझे मत स्पष्ट आहे: कागदावरचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, प्रत्यक्षात काय गायिले गेले ते त्याखाली वेगळे लिहावे, आणि आपला तर्क कंसात, प्रश्नचिन्हासह ठेवावा. अनेक छापील सूचींतून ही तीन टिपणे एकाच ओळीत मिसळलेली दिसतात, आणि दिसायला ती ओळ फार विद्वान असते. बाप्तिस्म्याच्या वहीत मूळ नोंद खोडायची नसते, दुरुस्ती समासात करायची असते, हा आमचा जुना नियम येथेही लागू पडावा.

आपण त्या सरकारी हरकतीवर सरसकट टीका करतो. तरी एक गोष्ट मला नोंदवाविशी वाटते. पवित्र मिस्साचे शब्द टाळ्यांच्या आणि तिकिटांच्या जगात नेऊ नयेत, या भावनेत सर्वस्वी ढोंग नव्हते. मी स्वतः मिस्सा सोलेम्निस सभागृहात ऐकला तेव्हा क्रेडोनंतर टाळ्या वाजल्या. मला अवघडल्यासारखे झाले होते. आणि तरीही, तो ऐकायला मिळाला नसता तर मी गरीब राहिलो असतो. हा मिस्सा सबंध प्रथम ऐकला गेला तोही चर्चमध्ये नव्हे, तर व्हिएन्नाच्या मैफलीच्या एक महिना आधी, प्रिन्स गालित्सिन यांच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्गच्या संगीतसभेत. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग होते. ते १९१८ पर्यंत टिकले. त्यामुळे तेथला २६ मार्च म्हणजे आपला ७ एप्रिल. रशियन पत्रके लावताना हे बारा दिवस ज्याने ध्यानात घेतले नाहीत, त्याची सारी सूची सरकलेली असते.

त्याच पत्रकाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: बेथोव्हेन स्वतः संचालनात भाग घेतील. शब्दशः ते खरे ठरले. तो वादकांसमोर उभा राहिला, प्रत्येक भागाची लय त्याने दाखवली. पण वादकांची नजर उमलाउफ या संचालकाकडे होती, कारण बेथोव्हेनला काहीच ऐकू येत नव्हते. टाळ्या पडत होत्या तेव्हा त्याची पाठ लोकांकडे होती. गायिका कॅरोलीन उंगरने त्याला वळवून ते दृश्य दाखवले. पत्रकात तिचे नाव फक्त गायिकांच्या यादीत आहे.

मैफलीचा खर्च वजा जाता त्याच्या हाती अवघे ४२० गुल्डन उरले. म्हणून २३ मे रोजी, रविवारी दुपारी साडेबाराला, रेडूटच्या सभागृहात पुन्हा मैफल ठेवली. या वेळी तीन स्तोत्रांपैकी केवळ किरिये राहिले. व्हिएन्नाला तेव्हा रोसिनीचे वेड होते, म्हणून त्याचे एक लोकप्रिय गीत कार्यक्रमात आले. दोन्ही मैफलींचे कार्यक्रम शेजारी ठेवले, की सोळा दिवसांत काय गळले आणि काय भरले गेले ते कोणाही वाचकाला दिसेल. त्या रविवारी ऊन छान पडले होते. लोक शहराबाहेर फिरायला गेले आणि सभागृह निम्मेही भरले नाही.