ग्रेचें निर्मनुष्य अरण्य

टॉमस ग्रेनें वॉल्पोलला लिहिलेलें बर्नहॅमच्या वनाचें पत्र मी वर्गांत कौतुकानें वाचून दाखवीत असें. आपल्यावांचून तेथें मनुष्य नाहीं, असें तो म्हणतो. आणि अडाणी लोक या अरण्याला गांवरान म्हणतात, हें नाक मुरडून सांगतो.

पुढें बकिंगहॅमशायरमधील तें वन प्रत्यक्ष पाहिलें, तेव्हां त्या अडाण्यांचेंच म्हणणें खरें वाटलें. तेथील जुनाट बीच वृक्ष पुरुषभर उंचीवर छाटलेले आहेत. सरपण तर मिळावें, पण कोवळे धुमारे गुरांच्या तोंडीं लागूं नयेत, ही ती युक्ति! या छाटणीनेंच झाडें शेंकडों वर्षें टिकलीं. १७५१ च्या ‘एलिजी’त लांकूड तोडणाऱ्या खेडुतांचा गौरव करणाऱ्या कवीला विशींत त्यांच्या कुऱ्हाडीची खूण दिसली नाहीं, मला तर पन्नाशीपर्यंत दिसली नव्हती.