बुडालेल्या जहाजाचा रुबाब

स्टॉकहोमला काय बघायचं, अशी कुठलीही यादी काढा. वासा संग्रहालय त्यात असतंच. तिथे एका अवाढव्य दालनात उभी आहे ६९ मीटर लांबीची, ६४ तोफांची लाकडी युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती पहिल्याच सफरीला निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बुडाली. वाऱ्याच्या झोतानं ती कलली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. १९६१मध्ये तिला वर काढलं गेलं.

वरचा डोलारा जड, पाण्याखालचा भाग त्या मानानं लहान. हे आधीच दिसलं होतं. चाचणीसाठी तीस माणसं डेकवर इकडून तिकडे धावली, तेव्हा जहाज इतकं हेलकावलं की चाचणीच थांबवावी लागली. पण राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढत होता, त्याला जहाज हवं होतं. बुडाल्यावर चौकशी झाली; शिक्षा कुणालाच नाही.

संग्रहालय यातलं काही लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. माझा आक्षेप मांडणीला आहे. मंद उजेडात कोरलेले सिंह, रोमन सम्राट, मान उंच करायला लावणारा मागचा भाग. इमारतीच्या छतावर डोलकाठ्या उभारल्यात, मूळ जहाजाची उंची दाखवायला. ज्या रुबाबापायी जहाज बुडालं, तोच रुबाब इमारत पुन्हा मिरवते. माहितीफलक अपयश सांगतात, पण डोळ्यांना दिसतो तो दिमाख. चारशे वर्षांपूर्वीच्या राजाची चूक कबूल करायला आज कुणाला काय द्यावं लागतं?

खरी किंमत कळते ती सांगाड्यांच्या दालनात. जहाजाबरोबर तीसेक माणसं गेली. त्यांतल्या एका सांगाड्याला अनेक वर्षं ‘गुस्ताव’ म्हणत. डीएनए तपासणीत ती बाई निघाली. २०२३मध्ये संग्रहालयानं ते जाहीर केलं आणि तिला ‘गर्ट्रूड’ हे नाव दिलं. ती कोण, जहाजावर कशी, हे कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या टप्प्यापुरती खलाशांना बायकामुलं बरोबर नेण्याची मुभा होती, एवढंच ठाऊक आहे.

राजाच्या नावानं ओळखली गेलेली ही हाडं एका अनाम बाईची होती, हे कळल्यावर जहाज वेगळं दिसू लागतं. संग्रहालयानं इथे स्वतःचीच चूक दुरुस्त केली आहे, आणि मला हीच त्याची सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. कधी गेलात तर जहाजाचा सेल्फी नंतर काढा. आधी गर्ट्रूडला भेटा.