जग दिसते, गाव दिसत नाही

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी छापलेला महाराष्ट्राचा नकाशा वर्गात टांगलेला असेल, तर त्यात हा जिल्हा शोधूनही सापडणार नाही. तेव्हा आपला जिल्हा आपणच संगणकावर मांडावा असे एखाद्या शिक्षकाला वाटले, तर ते स्वाभाविकच आहे. कयाधू नदी, सिद्धेश्वर धरण, गावातील विहिरी आणि औंढा नागनाथ तालुक्यात व्हावयाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा असे सारे त्यावर दाखवता येईल. या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली अंतिम मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. ते अंतर म्हणजे नेमके किती, हे आपल्याच गावाच्या नकाशावर तेवढी रेघ ओढली की मुलांना चटकन कळते.

साधने विनामूल्य आहेत. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पात स्वयंसेवकांनी जगभरचे रस्ते, नद्या व गावे नोंदवली आहेत. हा नकाशा पानावर आणून तो हलता-फिरता करण्यासाठी ‘लीफलेट’ नावाचा जावास्क्रिप्ट भाषेतील संच आहे. युक्रेनचे प्रोग्रामर व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. मग अडते कोठे?

पान तयार होते. फाइलवर दोनदा टिचकी मारली की ते ब्राउझरमध्ये उघडते. मागचा नकाशा बहुधा येतो, पण मुलांनी नोंदलेल्या विहिरींचा एकही ठिपका उमटत नाही. जग दिसते, गाव दिसत नाही! विहिरींची फाइल तर त्याच फोल्डरमध्ये, पानाच्या शेजारीच असते. शिक्षक ती पुन्हा पुन्हा तपासतात, कंस आणि स्वल्पविराम मोजतात. चूक तेथे नसतेच.

चूक कशात आहे ते पाहू. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली आणि तिच्या पाठोपाठ नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये एक नियम आला. एका उगमाच्या पानातील आज्ञावलीने दुसऱ्या उगमाची माहिती वाचावयाची नाही, असा तो नियम. उगम तीन गोष्टींनी ठरतो : एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस ही पद्धत, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्टचा क्रमांक. तिन्ही जुळले तरच उगम एक. हार्ड डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला संकेतस्थळाचे नावच नसते. म्हणून आजचे ब्राउझर अशा प्रत्येक फाइलला स्वतंत्र उगम मानतात. शेजारची फाइलही मग परकी ठरते.

हा नियम जाचक वाटला तरी अनाठायी नाही. शाळेच्या कार्यालयातील संगणक डोळ्यांपुढे आणा. एकाच फोल्डरमध्ये गुणपत्रके आहेत, पालकांचे फोन क्रमांक आहेत आणि कोणी तरी पाठवलेले एक पान आहे. त्या पानाला शेजारच्या फाइली वाचता आल्या, तर ते त्या इंटरनेटवरून कोठेही पाठवू शकेल. फायरफॉक्समध्ये एकाच फोल्डरमधील फाइली अशा वाचता येत असत. २०१९ साली ६८व्या आवृत्तीत ती वाट बंद करण्यात आली, आणि ते योग्यच झाले.

माझा आक्षेप नियमावर नाही, तो सांगण्याच्या रीतीवर आहे. ब्राउझर अडवतो, पण पानावर तसे एक अक्षरही लिहीत नाही. एफ-१२ ही कळ दाबून ‘कन्सोल’ उघडला तर तेथे तांबड्या अक्षरांत इंग्रजी संदेश आढळतो. प्रोग्रामरला तो पुरेसा असेल, पण वर्गात चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला तेथे काही आहे हेच ठाऊक नसते. याच्या उलट टोकही आपण पाहिले आहे. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेनंतर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अशा वेळी वर पिवळी पट्टी येई. ती इतक्यांदा येई की लोक न वाचताच परवानगी देऊन मोकळे होत. एकाने गप्प राहून आणि दुसऱ्याने फार बोलून सावधानतेचा अर्थ घालवला.

दुसरा आक्षेप विसंगतीवर आहे. शेजारची विहिरींची यादी वाचावयास मनाई, पण कोणत्याही दूरच्या संकेतस्थळावरची आज्ञावली आपल्या पानात बोलावली तर तिला मात्र पानाचे सर्व अधिकार मिळतात. दारावर पिशवीची झडती आणि घरात पाहुण्याच्या हाती तिजोरीची किल्ली, असा हा प्रकार. म्हणून लीफलेटची प्रत आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावी हे बरे. ती लहान आहे, आणि गावातले इंटरनेट अधूनमधून गेले तरी तेवढा भाग अडत नाही.

उपाय म्हणून ‘ब्राउझरची सुरक्षाच बंद करा’ असा सल्ला दिला जातो. शाळेच्या सामाईक संगणकावर तो कदापि पाळू नये. योग्य उपाय सोपा आहे. पायथॉन भाषेसोबत एक छोटा सर्व्हर येतो. नकाशाच्या फोल्डरमध्ये जाऊन तो एका ओळीच्या आज्ञेने सुरू करावा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता, पुढे पोर्टचा क्रमांक देऊन, लिहावा. आता पान आणि यादी यांचा उगम एक होतो व ठिपके उमटतात. ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर नकाशा मागणाऱ्या पानाची ओळख मागतात. थेट उघडलेली फाइल ती देऊ शकत नाही, म्हणून कधी कधी मागचा नकाशाही येत नाही. तीही अडचण याने सुटते. पुढे पान शाळेच्या संकेतस्थळावर गेल्यावर नकाशाची सगळी चौकट कोरी दिसली, तर पत्ते तपासावेत. एचटीटीपीएसच्या पानात साध्या एचटीटीपीवरून मागवलेली आज्ञावली ब्राउझर चालू देत नाही.

एवढे करूनही एक चूक उरते आणि तिच्याबद्दल कोणताही कन्सोल तक्रार करीत नाही. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. जिओजेसन या २०१६ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीत रेखांश आधी लिहितात. हिंगोली सुमारे १९.७ उत्तर अक्षांश आणि ७७.१ पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटे पडले की गावची विहीर आर्क्टिक प्रदेशात, स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात जाऊन पडते. ब्राउझरच्या दृष्टीने सारे सुरक्षित आणि ठीक असते. आज्ञावली कोठून आली एवढेच तो पाहतो, विहीर कोठे आहे हे पाहणे त्याचे काम नाही.

म्हणून नकाशा पूर्ण झाल्यावर मुलांच्या तुकड्या करून प्रत्येकीला पाच ठिपके वाटून द्यावेत. त्यांनी त्या जागी जाऊन विहीर पाहून यावे आणि मगच ते ठिपके नकाशावर कायम करावेत.