संदर्भ ठेवणे आणि संदर्भाला जागणे

मराठी संशोधनपर पुस्तकांची शेवटची पाने अलीकडे फार देखणी झाली आहेत. संदर्भसूची अकारविल्हे लागलेली असते, स्वल्पविराम जागच्या जागी असतात, प्रकाशनवर्षे कंसात बसलेली असतात. पूर्वी अशी सूची करायला महिना लागे, आता संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर ती काही क्षणांत करून देते. पण नीट सूची म्हणजे नीट वाचन, हा आपला जुना समज अजून तसाच आहे. हाताने सूची करावी लागे तेव्हा या समजाला थोडा तरी आधार होता. आज तो कितपत उरला आहे, हे तपासायला हवे.

या साधनांबद्दल माझ्या मनात अढी नाही. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर राहून, नाशिक रोडच्या दोन खोल्यांत बसून काम करणाऱ्या माझ्यासारखीला त्यांचे मोल जास्तच कळते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली झोटेरो तयार झाले. ते मोफत आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे आणि नोंदी आपल्याच संगणकावर राहतात. नंतर आलेले मेंडेली २०१३ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले. ज्याच्याकडे संस्थेचे ओळखपत्र नाही, त्याने साधन निवडताना हा फरक लक्षात घ्यावा. आयुष्यभराच्या नोंदी दुसऱ्याच्या कोठारात ठेवायच्या की आपल्या कपाटात, एवढाच तो प्रश्न आहे.

कपाट आपले असले तरी त्यातले कप्पे मात्र दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या मापाने केलेले आहेत. लेखकाच्या नावाचेच पाहा. या साधनांना आडनाव आधी लागते. मराठी वाचक लेखकाला ओळखतो तो आद्याक्षरांवरून. द. भि., व. दि., गो. म. असे म्हटले की तीन वेगवेगळे समीक्षक डोळ्यांपुढे उभे राहतात. लेखक-वर्ष पद्धतीत तिघेही ‘कुलकर्णी’ होतात आणि पुढचे वर्ष पाहून वाचकाने माणूस ओळखायचा असतो. यादीत एकाच आडनावाचे दोघे आले तर काही शैली आद्याक्षरे जोडतात. म्हणजे आपल्याकडे जी ओळखीची मुख्य खूण, ती तिथे अडचण आली तरच बाहेर काढायची पुरवणी ठरते.

टोपणनावाचा घोळ याहून अवघड. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे. नाशिककराला हे सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र हे दोन लेखक दिसतात आणि सूचीत एक ‘क’मध्ये तर दुसरा ‘श’मध्ये जाऊन बसतो. त्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद उतरवून घेतली की तेच पुस्तक रोमन लिपीत तिसऱ्या जागी येते. दुबार नोंदी शोधणारी सोय लिपी ओलांडून पाहत नाही. अकारविल्हे क्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ला लागून आहे. ‘क्ष’ तर तिथे स्वतंत्र अक्षरच नाही, तो ‘क’च्या पोटात जातो. मराठीचा क्रम वेगळा सांगितला नाही, तर सूची परक्या क्रमाने लागते आणि ते चटकन कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे सारे दोष त्रासदायक आहेत, तरी ते हाताने दुरुस्त करता येतात. खरा धोका यापुढे आहे, आणि तो नाशिकच्याच एका घटनेवरून दाखवता येईल.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची संघटना आणि पुढे काही वर्षे चाललेला लढा हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. समजा, एखाद्या प्रबंधात या पहिल्या दिवसाच्या वर्णनाखाली ‘जनता’चा मार्च १९३० चा अंक टिपेत दिला आहे. सॉफ्टवेअर ती नोंद निमूट घेईल, पत्राचे नाव तिरप्या अक्षरांत छापील, तारीख योग्य जागी ठेवील. पण ‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले होते आणि ‘जनता’ निघाले ते नोव्हेंबर १९३० मध्ये. सत्याग्रह सुरू झाला त्या मार्च महिन्यात ही दोन्ही पत्रे निघत नव्हती. म्हणजे टीप देणाऱ्याने अंक पाहिलेला नाही. त्याने कुठल्या तरी पुस्तकातून मजकूर उचलला आणि संदर्भ मात्र पहिल्या हाताचा म्हणून लावला.

शकाचेही असेच. जुन्या मराठी छापील मजकुरावर अनेकदा शके असतो. त्यात ७८ मिळवायचे हा सोपा हिशेब आपण शाळेत शिकलो. सत्याग्रहाचा पहिला दिवस शके १८५१ च्या फाल्गुनातला, त्या साली पाडवा अजून यायचा होता. १८५१ मध्ये ७८ मिळवले की १९२९ येते आणि सत्याग्रह एक वर्ष अलीकडे सरकतो. पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलले की ७९ मिळवावे लागतात. यंत्राच्या कप्प्यात इसवी सनाचा आकडा भरला आणि मूळ शक कुठेच ठेवला नाही, तर ही चूक शोधण्याचा मागही पुसला जातो.

टिपेचा उद्देशच हा माग ठेवणे आहे. आमच्या नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरची नक्षी कितीही सुबक असली तरी नोटेला स्वतःचा क्रमांक लागतो, कारण तिचा छडा लावायची वेळ कधीही येऊ शकते. संदर्भाची टीप हा विधानाचा असाच क्रमांक आहे. सॉफ्टवेअर नक्षी उत्तम काढते. क्रमांक खरा आहे की नाही, हे लिहिणाऱ्यानेच पाहायचे असते.

इथे शंकर गणेश दाते यांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातल्या ग्रंथांच्या विषयवार नोंदी आहेत. संगणकाचे नावही आपल्याकडे नव्हते तेव्हाचे हे काम. मराठीत काय छापले गेले, याचा हिशेब पुढच्यांना लागेल, या एका जाणिवेपोटी ते उभे राहिले. दात्यांची सूची दुसऱ्यांना वाट दाखवण्यासाठी होती, आजची आपली बरीचशी सूची परीक्षकाला दाखवण्यासाठी असते. साधन बदलल्याने हा फरक पडलेला नाही. प्रबंधाचे वजन संदर्भांच्या संख्येवर जोखण्याची रीत पडली, त्या रीतीतून तो आला, आणि साधनाने ती रीत स्वस्त करून दिली.

म्हणून हेच सॉफ्टवेअर वेगळ्या शिस्तीने वापरता येईल. मी प्रत्येक नोंदीला दोन खुणांपैकी एक लावते: ‘पाहिले’ किंवा ‘अमुकाकडून घेतले’. पुस्तक कोणत्या ग्रंथालयात पाहिले ते दाखल क्रमांकासह नोंदवते, कारण १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणची जुनी प्रत दुसरीकडे मिळेलच असे नाही. मूळ शक ‘अतिरिक्त’ कप्प्यात जसाच्या तसा ठेवते, टोपणनाव आणि खरे नाव एकमेकांना जोडते. एका नोंदीला पाच मिनिटे जास्त लागतात. पण लेख लिहिताना ‘अमुकाकडून घेतले’ ही खूण डोळ्यांपुढे असली की दुसऱ्याचे कष्ट आपल्या नावावर लावायला हात धजत नाही.

हीच अपेक्षा मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून करावी. शंभर नोंदींच्या सूचीतून कोणत्याही पाच काढून ‘हे कुठे पाहिलेत?’ एवढेच विचारावे. दिवाळी अंकांच्या संपादकांकडेही एक मागणे आहे. जागेअभावी तळटिपा गाळाव्या लागतात हे समजण्यासारखे आहे, पण मग पत्ता वाक्यातच राहू द्यावा: कोणी, कुठे, कोणत्या साली, आणि लेखकाने ते स्वतः पाहिले की ऐकीव सांगितले. गावातल्या ग्रंथालयात जाऊन एखादे विधान पडताळावेसे वाटणारा वाचक अजून आहे. त्याला तिथवर पोचता येईल एवढा माग लेखात ठेवला, की सूची कुठल्या शैलीत लावली याला फारसे महत्त्व उरत नाही.