फेर्नांदु ताव्होरा आणि 'पोर्तुगीज घरा'चा प्रश्न

फेर्नांदु ताव्होरा (१९२३–२००५) या पोर्तुगीज वास्तुशिल्पज्ञाचे नाव त्यांच्या देशाबाहेर बहुधा दुसऱ्या एका नावाच्या आधारानेच घेतले जाते. आल्व्हारु सिझा यांनी १९५५ ते १९५८ या काळात ताव्होरा यांच्या कचेरीत काम केले, पुढे १९९२ साली सिझा यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, आणि शिष्याच्या कीर्तीचा कवडसा गुरूवर पडला. ही ओळख चुकीची नाही. अपुरी मात्र आहे. त्यांच्या कार्याविषयी जो अभिप्राय आता रूढ झाला आहे तोही तसाच अपुरा आहे. परंपरेचे अनुकरण आणि आंतरराष्ट्रीय आधुनिकता या दोन टोकांमधून ताव्होरा यांनी 'तिसरा मार्ग' काढला, असे म्हटले जाते. 'तिसरा मार्ग' हा शब्दप्रयोग तडजोडीचे सूचन करतो; काही इकडचे, काही तिकडचे घेऊन केलेली बेरीज असा त्याचा अर्थ वाचकाच्या मनात उभा राहतो. ताव्होरा यांच्या उत्तम कृतींच्या बाबतीत हा अर्थ लागू पडत नाही, आणि जेथे तो लागू पडतो तेथे त्या कृती उणावल्या आहेत.

प्रश्नाचे मूळ ताव्होरा यांच्या आधीच्या पिढीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राऊल लिनु या वास्तुशिल्पज्ञाने 'पोर्तुगीज घर' नावाची एक कल्पना आपल्या ग्रंथांतून आणि इमारतींतून लोकप्रिय केली. उतरते कौलारू छप्पर, चुन्याने रंगविलेल्या भिंती, दारापुढील ओसरी, अझुलेजूच्या रंगीत लाद्या ही तिची लक्षणे. लिनु स्वतः रसिक आणि कसबी होते. त्यांची घरे त्यांच्या अनुयायांच्या घरांपेक्षा कितीतरी सरस आहेत. परंतु सालाझारच्या राजवटीत ही लक्षणे एखाद्या शासकीय परिशिष्टासारखी झाली. सार्वजनिक इमारती आणि वसाहती यांचे आराखडे 'पुरेसे पोर्तुगीज' आहेत की नाहीत हे पाहिले जाऊ लागले. राष्ट्राची एक प्रमाणभाषा असावी तसे राष्ट्राचे एक प्रमाणघर असावे, आणि ते सर्व प्रांतांच्या घरांचे सार असावे, असा हा आग्रह होता. व्याकरणकारांच्या आणि राज्यकर्त्यांच्या युतीतून प्रमाणभाषा कशी घडते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रक्रियेत अपरिचित असे काही आढळणार नाही.

ताव्होरा यांनी १९४५ मध्ये 'आलेऊ' या नियतकालिकात 'पोर्तुगीज घराचा प्रश्न' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि पोर्तो येथील ललितकला विद्यालयात शिकत होते. १९४७ मध्ये तो विस्ताराने पुनर्मुद्रित झाला. लेख लहान आहे, आवेशयुक्त आहे, आणि काही ठिकाणी तरुण वयाचा निष्ठुरपणाही त्यात आहे. त्याचा मथितार्थ असा : जुन्या घरांची बाह्य रूपे उचलून नव्या घरांवर चिकटविणे हा खोटेपणा होय, लोकांच्या साध्या घरांचा अभ्यास मात्र केलाच पाहिजे, कारण ती गरजेतून घडलेली असतात आणि त्यांत डौलाला जागा नसते. देशाची परिस्थिती, देशात अस्तित्वात असलेली वास्तुकला, आणि जगातील आधुनिक बांधकामाच्या शक्यता या तिन्हींचे अध्ययन एकत्र झाल्याशिवाय काही निष्पन्न व्हायचे नाही, असे ते सांगतात. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. लेखकाने संज्ञा नाकारली आहे, वस्तू नाकारलेली नाही. 'पोर्तुगीज घर' हे एकवचन त्यांना अमान्य आहे. पोर्तुगालमधील घरे त्यांना मान्य आहेत.

हे अनेकवचन पुढे सप्रमाण सिद्ध झाले. फ्रान्सिश्कु कैल दु आमाराल या ज्येष्ठ वास्तुशिल्पज्ञाने १९४७ मध्ये देशभरातील लोकवास्तूंच्या पाहणीची कल्पना मांडली होती. १९५५ मध्ये तिला सरकारी साहाय्य मिळाले. देशाचे सहा विभाग पाडण्यात आले, प्रत्येकी तीन जणांच्या सहा तुकड्या नेमण्यात आल्या, आणि ताव्होरा यांच्याकडे रुई पिमेंतेल व आंतोनिउ मेनेरेश यांच्यासह उत्तरेकडील मिन्यू हा विभाग आला. भाषेच्या क्षेत्रात अशी पाहणी पोर्तुगालला नवी नव्हती. लैत द व्हास्कोंसेलुश यांनी बोलींचे वर्गीकरण विसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते, आणि कोइंब्रा येथील मानुएल द पाइव्हा बोलेउ यांनी १९४२ मध्ये प्रश्नपत्रिका टपालाने पाठवून बोलींची सामग्री जमविली होती. वास्तुशिल्पज्ञांना टपालाची सोय नव्हती. घर पत्रातून येत नाही. मोटारीने, स्कूटरने आणि जेथे रस्ता संपे तेथून पायी अशी ही भ्रमंती झाली. तिच्यातून सुमारे १०,००० छायाचित्रे आणि शेकडो मोजणीचित्रे निघाली, व १९६१ मध्ये दोन खंड प्रसिद्ध झाले.

ज्या सरकारने पैसे दिले त्याला राष्ट्रीय शैलीचा पुरावा हवा होता. खंडांच्या प्रस्तावनेत नेमके उलट निघाले. मिन्यूतील खेडे आणि आलेंतेजूतील एकाकी शेतघर यांच्यातील अंतर काही पोर्तुगीज आणि काही ग्रीक घरांमधील अंतरापेक्षा मोठे आहे, अशा आशयाचे विधान तेथे आहे. एकसंध अशी पोर्तुगीज वास्तुकला नाही, हा निष्कर्ष सरकारी अनुदानाने छापला गेला. बोलीविज्ञानाने राष्ट्रभाषेच्या पुरस्कर्त्यांना अनेकदा असाच अपेक्षाभंग घडविला आहे : नकाशावर रेषा काढू लागले की राजकीय सीमा आणि भाषिक सीमा एकमेकींवर बसत नाहीत. आणखी एक गोष्ट. १९५१ पासून ही राजवट गोव्यासह सर्व वसाहतींना एकाच राष्ट्राचे 'सागरपार प्रांत' म्हणवीत होती; पाहणी मात्र युरोपातील मुख्य भूमीपुरतीच झाली. ज्या वर्षी ती प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९ डिसेंबर रोजी, गोवा मुक्त झाला. गोव्यातील जुन्या वाड्यांना आजही सर्रास 'पोर्तुगीज घर' म्हटले जाते. जांभ्या दगडाचे, मधल्या राजांगणाचे, शिंपल्यांच्या खिडक्यांचे ते घर स्थानिक कुटुंबांसाठी स्थानिक कारागिरांनी बांधलेले असते. ज्या संज्ञेविरुद्ध ताव्होरा यांनी लिहिले ती खुद्द पोर्तुगालमध्ये ढासळली, आणि येथे मात्र तग धरून राहिली आहे.

पाहणीचे हे फलित ताव्होरा यांच्या रचनेत कसे उतरले? व्हिला दा फैरा येथील बाजार (१९५३–५९) आणि ओफीर येथील सुटीचे घर (१९५७–५८) या दोन कृती या दृष्टीने निर्णायक आहेत. १९५९ मध्ये ओतर्लो येथे आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, म्हणजे 'सियाम'ची, अखेरची बैठक झाली, तीत ताव्होरा यांनी याच दोन कृती मांडल्या होत्या. बाजाराची मांडणी कठोर भूमितीची आहे. उताराच्या जमिनीवर चौरस आवार, मध्ये कारंजे असलेले अंगण, भोवती सुट्या छपऱ्या. या छपऱ्यांचे काँक्रीट बाहेर न उतरता आत, मध्याकडे उतरते, पक्ष्याने पंख उचलावेत तसे. लिनुच्या अनुयायाने येथे कौले घातली असती. ताव्होरा यांनी कौल टाळले, परंतु आठवडी बाजारातील माणसे जशी उन्हातून सावलीत आणि सावलीतून पुन्हा चौकात येतात ती गती राखली. रूप नवे, घडण जुनी. भाषेच्या परिभाषेत बोलायचे तर शब्दसंग्रह बदलला, वाक्यरचना टिकली.

ओफीरचे घर पाइनच्या रानात आहे. बैठक, निजण्याच्या खोल्या आणि स्वयंपाक-नोकरवर्ग यांच्या तीन भुजा समुद्राचा वारा अडवून एक निवारा तयार करतात. या घराविषयी लिहिताना ताव्होरा यांनी रसायनशास्त्रातील संयुग आणि मिश्रण यांचा भेद वापरला आहे. कुटुंब, वारा, झाडे, उपलब्ध सामग्री, रचनाकाराचे शिक्षण असे अनेक घटक मोजून त्यांचे संयुग करणे हा आपला उद्देश होता, मिश्रण करणे नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'तिसऱ्या मार्गा'च्या पुरस्कर्त्यांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. मराठी भाषकास तो पटकन उमगेल, कारण त्याच्या तोंडी पोर्तुगीज शब्दांची अशी संयुगे रोज असतात. मेस्त्री, घमेले, बिजागरी, चावी हे बांधकामाचे आणि घराचे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पण आपण 'चाव्या' म्हणतो, 'घमेल्यात' म्हणतो. पोर्तुगीज अनेकवचन त्यांच्यासोबत आले नाही. शब्द परका, विभक्ती घरची. परक्या शब्दाला त्याच्याच व्याकरणासह आणून बसविले तर ते मिश्रण होते आणि बोलणाऱ्याला ते खुपते. ओफीरच्या घरात आधुनिक आराखडा असाच मिन्यूच्या भिंतीच्या, कौलाच्या आणि चुलीच्या विभक्त्या घेऊन येतो.

तथापि येथे एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो ताव्होरा यांच्या चाहत्यांना सहसा रुचत नाही. ओफीरचे घर सधन कुटुंबाच्या सुटीसाठी होते. त्याच सुमारास, १९५२ ते १९६० या काळात, ताव्होरा पोर्तो येथील रामाल्द वसाहतीचे काम करीत होते. ती सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होती. तेथे सूर्यदिशा साधून समांतर रांगांत उभ्या केलेल्या इमारती आहेत, आणि तिची भाषा निर्भेळ आंतरराष्ट्रीय आहे. श्रीमंताला बोली आणि गरिबाला प्रमाणभाषा! वसाहतीच्या खर्चाचे आणि शासकीय नियमांचे बंधन लक्षात घेतले तरी ही विसंगती नाहीशी होत नाही. विला नोव्हा द गाइया येथील सेद्रु प्राथमिक शाळा (१९५७–६१) आणि बाजार ही उदाहरणे तिचा काहीसा परिहार करतात, संपूर्ण नव्हे.

किंबहुना हा दोष एकट्या ताव्होरांचा नसून बोलीच्या रूपकाचाच आहे. बोली बोलण्यास पैसे लागत नाहीत, घराला लागतात. मिन्यूच्या ज्या घरात खाली जनावरे आणि वर माणसे राहत, ते गरजेतून घडले होते हे खरे, पण ती गरज दारिद्र्याचीही होती. पाहणीचे खंड प्रसिद्ध झाले त्या दशकात याच खेड्यांतून माणसे मोठ्या संख्येने फ्रान्सला गेली, आणि परत येऊन त्यांनी जी घरे बांधली त्यांना दगडाची भिंत नको होती. सुशिक्षितांनी या घरांना नाके मुरडली. बोली बोलणाऱ्यांनीच बोली टाकली तर अभ्यासकाने काय करावे, हा प्रश्न भाषाभ्यासकांना परिचित आहे. ताव्होरांच्या लेखनात त्याचे समाधानकारक उत्तर आढळत नाही. त्याच्या जवळ ते पोहोचले १९६९ मध्ये, पोर्तोच्या नदीकाठच्या बार्रेदु या जीर्ण वस्तीच्या अभ्यासात. तेथे रहिवाशांना हलवून जुनी घरे वाचविणे किंवा घरे पाडून रहिवाशांना वाचविणे या दोहोंऐवजी घरे आणि माणसे एकाच जागी सुधारावीत, अशी दिशा त्यांनी दाखविली. १९७४ च्या क्रांतीनंतर शहराच्या जुन्या भागात जे काम झाले त्याचा पाया या अभ्यासाने घातला होता.

१९६० मधील अमेरिका व जपानचा प्रवास आणि १९६२ चा 'अवकाशाच्या संघटनेविषयी' हा प्रबंध यांचे विवेचन स्वतंत्रपणेच करावे लागेल. प्रबंधातील एकच विचार येथे उपयोगी आहे : दोन वस्तूंमध्ये उरलेली मोकळी जागा हीही घडविलेलीच असते, आणि एकदा घडविलेली जागा जशीच्या तशी मागे नेता येत नाही. गिमाराइंश येथील सांता मारिन्या दा कोश्ता मठाचे पाहुण्यांच्या निवासात रूपांतर (१९७२–८५) करताना हा विचार कसोटीला लागला. उत्खननात अनेक शतकांचे थर उघडे पडले. कोणता थर 'मूळ' समजायचा? ताव्होरा यांनी कोणताही निवडला नाही. जुन्या इमारतीत भर घालताना 'नवे करीत पुढे चालू ठेवणे' असे सूत्र त्यांनी घेतले, आणि नवी ओळ जुन्या ओळीपेक्षा ठेंगणी, वेगळी, तरी तिच्याच मापात ठेवली. त्यांच्या सर्व कृतींत ही सर्वाधिक परिपक्व ठरावी.

पोर्तोच्या मुख्य कॅथीड्रलजवळील 'चोवीसांचे घर' ही उत्तरायुष्यातील कृती (१९९५–२००३) तितकी यशस्वी वाटत नाही. मध्ययुगीन नगरसभेच्या अवशेषांवर त्यांनी ग्रॅनाइटचा उंच मनोरा उभा केला. त्याची शहराकडील बाजू काचेची आहे. कॅथीड्रलसमोरचे दृश्य अडले म्हणून त्यावर टीकेची झोड उठली. ती टीका ऐतिहासिक दृष्ट्या लंगडी आहे, कारण ते मोकळे दृश्यच १९४० च्या सुमारास, राजवटीच्या उत्सवी पाडापाडीने, आजूबाजूची दाट वस्ती साफ करून निर्माण केलेले होते. कॅथीड्रलच्या अंगाशी पुन्हा काहीतरी उभे राहावे ही जाणीव रास्तच होती. उणीव आहे ती अन्यत्र. बाजारात आणि ओफीरला जी विभक्ती होती ती या मनोऱ्यात लागत नाही. ग्रॅनाइट आहे, जुन्या मनोऱ्याची उंचीही स्मरलेली आहे, पण आत शिरणाऱ्याला तेथे करण्यासारखे फारसे काही नाही. तो काचेशी उभा राहून खालची छपरे पाहतो आणि परत फिरतो.