ड्रोनला ऐकू येत नाही

साल्हेरच्या कड्यावरून घारीसारखा उतरणारा ड्रोन, खाली धुकं आणि कान किटवणारे ढोलताशे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपल्या बागलाणातला साल्हेर आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यावरचे माहितीपट पाहून साल्हेरची १६७२ ची लढाई मला काडीचीही कळली नाही. मोगलांचा वेढा कुठे पडला होता, गडावर धान्य कोणत्या वाटेने येत होतं, हे सांगण्याआधीच निवेदकाचा आवाज टिपेला पोचतो. ऐतिहासिक मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. ‘भारत एक खोज’चे ५३ भाग दाखवणारं दूरदर्शन आता राहिलं नाही, एवढंच म्हणतो.

अमेरिकन यादवी युद्धावरच्या केन बर्न्सच्या ‘द सिव्हिल वॉर’ (१९९०) या माहितीपट-मालिकेचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं. स्थिर छायाचित्रावरून सरकणारा कॅमेरा सगळ्यांनी उचलला, त्यामागची जुनी पत्रं शोधण्याची मेहनत मात्र कोणी उचलली नाही. माझ्या मते त्याहून मोठं काम हेन्री हॅम्प्टनचं. ‘आइज ऑन द प्राइज’ (१९८७) या अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यावरच्या मालिकेत त्याने प्राध्यापकांना बाजूला ठेवलं आणि जे तिथे हजर होते त्यांनाच बोलतं केलं. मार खाल्लेले बोलतात. मारणाऱ्यांच्या बाजूच्या, सेल्माच्या शेरीफ जिम क्लार्कलाही कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारले गेले. पुढे जुन्या चित्रफितींच्या हक्कांची मुदत संपली आणि मालिका कित्येक वर्षं प्रसारणाबाहेर राहिली.

या प्रकारचं काम आपल्याकडे झालेलंच नाही असं नाही. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मुंबईतल्या रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरू होतो आणि १४ वर्षं माणसांचा पाठपुरावा करतो. त्यात शाहिरांची गाणी हाच पुरावा आहे. सोमनाथ वाघमारेंनी आपल्या माहितीपटात भीमा कोरेगावला जमणाऱ्या लोकांनाच त्यांचा इतिहास सांगू दिला. पण याच पटवर्धनांना आपले आधीचे माहितीपट दूरदर्शनवर दाखवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली होती!

आणि नाशिक? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांची हाक, दादासाहेब गायकवाडांचं नेतृत्व, बायांचा मोठा सहभाग, रामनवमीच्या रथाच्या वेळची दगडफेक. ते सत्याग्रही आज नाहीत. त्यांची मुलं उतारवयात आहेत, त्यांच्यानंतर सांगणारं कोणी उरणार नाही. आठवणी चुकतात, असा आक्षेप येतो. चुकू द्या. पोलिसांच्या नोंदी आहेत, त्या काळची वर्तमानपत्रं आहेत, ताडून पाहा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या घरी जाऊन, त्यांना विचारूनच उभं केलं. तेव्हा ना वाहिनी पाठीशी होती ना ड्रोन. वाहिन्यांनी साल्हेरच्या कड्यावर आणखी एक घिरटी घालण्याआधी पंचवटीत उतरावं. सत्याग्रहींच्या घरी जावं, आणि ज्यांच्या पूर्वजांनी दारं बंद ठेवली त्यांच्याही घरी जावं. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: त्या दिवसाबद्दल तुमच्या घरात काय सांगितलं जायचं?